ओशटबाईंचा कोट

कोटाच्या कॉलरीवरून ब्रश ओढताना तिच्या नखात पांढरी पूड अडकली. अडकली तर अडकली. गेल्या वीस-बावीस वर्षांत त्या नखात काय काय अडकलं होतं ते सांगायला बसलं तर शहरातल्या निम्म्या सभ्य घरांना तोंड लपवायला जागा उरायची नाही. पण ही पूड अडकली तेव्हा कोटाच्या मालकिणीची यथेच्छ टिंगल उडवून झालेली होती, मागच्या खोलीतली माणसं डोळे पुसून आपापल्या कामाला लागली होती, कोटाला नावसुद्धा पडलं होतं. मग तिने सवयीने नख नाकाशी नेलं. पुडीला कॉफीचा वास होता.

तिला त्या लाँड्रीत डागबाई म्हणत. पुढे काचेचं दार, चकचकीत काउंटर, काउंटरमागे गोड गळ्याची वहिनी, आणि गिऱ्हाईक शेंबडं पोर का असेना, त्याला अहो-जाहोच करायचं हा मालकाचा नियम. मागे, हातभर झरोक्यापलीकडे, ही बिनखिडकीची खोली. पुढे माणसं कपडे देत, मागे कपडे माणसांच्या चहाड्या करत. त्या चहाड्या ऐकायला डागबाई सकाळी नऊपासून ट्यूबलाइटखाली टेबलाशी बसलेली असे. एका हाताला वाफेची बंदूक, दुसऱ्या हाताला ब्रशांचा डबा, आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यात एक सुरकुती, जी हसण्याने पडलेली नव्हती. तोंड कुणालाही धुता येतं, कॉलर धुता येत नाही, असं तिचं म्हणणं. कॉलर बघून ती माणूस सांगे. एका नवऱ्यामुलाच्या सुटाची कॉलर हुंगून तिने म्हणे सांगितलं होतं, की याच्या मानेच्या डाव्या बाजूला एका साबणाचा वास आहे आणि उजव्या बाजूला दुसऱ्या, तेव्हा हा गृहस्थ दोन घरी आंघोळ करतो. आठवड्याच्या आत ते लग्न मोडलं. ही हकिगत खरी असेल किंवा इस्त्रीकाकांनी वाफेच्या भरात रचली असेल. डागबाईने ती कधी नाकारली नाही. सगळेच डाग काढायचे नसतात, काही मिरवायचे असतात, एवढं तिला कळत होतं.

चिठ्ठ्यांवरची शाई वाफेत पसरे, आकडे एकमेकांच्या गळ्यात पडत, म्हणून अवघड कपड्यांना या खोलीत नावं ठेवायची रीत होती, आणि नाव ठेवायचा मान डागबाईचा. खिशात शाई सांडणारा एक बडा अधिकारी तिच्या कृपेने ‘गळका पेन’ झाला. निवृत्त होऊन पेन वापरायचा थांबला तरी गळका पेनच राहिला. बाहीला नाक पुसणारी एक प्राध्यापिका ‘अश्रूबाई’ होती. कपडा तयार झाला की इस्त्रीकाका तो हँगरला लावत, झरोक्यातून पुढे सरकवत आणि नावाचा पुकारा करत. यंत्राशेजारी उभं राहून राहून काकांचे कान गेलेले, त्यामुळे पुकारा थेट रस्त्यापर्यंत. गिऱ्हाइकाला वाटे, मागे कुणी कुणाला हाक मारतंय. संध्याकाळी डागबाई ही नावं घरी नेई आणि जेवताना पोरीला ऐकवी. घरात दोघीच होत्या, ती आणि तिची पंधरा वर्षांची मुलगी. नावं ऐकून पोरगी हसत असे. अलीकडे कमी हसत असे. पोरींना त्या वयात कशाचंच हसू येत नाही, शिष्ट होतात, अशी डागबाईने आपली समजूत घालून घेतली होती.

तर आज सकाळी हा शाळेचा निळा कोट, असले आठवड्याला दहा येतात, टेबलावर आला. चिठ्ठीवर कुणा भलत्याच मुलीचं नाव आणि खाली वहिनीच्या अक्षरात ‘तातडीचं, आज पाच वाजता’. डागबाईने कोट उलटा केला आणि तिची कळी खुलली.

“कोण आलंय?” इस्त्रीकाकांनी तिकडून ओरडून विचारलं.

“महाराणी आल्यात.” तिने कॉलर दोन बोटांत धरून उंच केली, मेलेला उंदीर धरावा तशी. “वय पंधरा, फार तर सोळा. केस खांद्याखाली. आंघोळ करते, पण पाण्याला फसवून. हिच्या डोक्यात वात खोचा काका, आठ दिवस घरात दिवा लावायला नको.”

“आणि आई काय करते हिची?” घडीवालीने विचारलं. घड्या घालणाऱ्या या बाईला प्रत्येक कपड्याची आई हवी असे.

“आई? असेल कुठेतरी आरशापुढे! पोरीच्या मानेकडे बघायला तिला सवड कुठली? अशा बायांना वाटतं, पोरी आपोआप वाढतात. कुंडीतल्या निवडुंगासारख्या. पाणी घाला न घाला.”

घडीवालीला एवढं हसू आलं की तिची घडी विसकटली. काका म्हणाले, “नाव सांगा, नाव!”

“ओशटबाई,” डागबाई म्हणाली, आणि ब्रश उचलला.

आणि आता कॉफी. तो वास नाकात शिरला आणि वाफेचा आवाज लांब गेला, कुणीतरी मधलं दार ओढून घ्यावं तसा. पूड कसली ते तिला बघताक्षणीच कळलं होतं: शंखजिऱ्याची. तेलाचा डाग पडला की वर ही भुरभुरायची, तिने तेल पिऊन घ्यायचं, मग झटकायची. बोटांत चोळली की रेशमासारखी सरकते. तोंडाला लावायच्या पावडरीला अत्तर असतं, हिला कसलाच वास नसतो, आणि लाँड्रीवाल्यांखेरीज ती गोणीने घेतं कोण? हिला कॉफीचा वास यायला साऱ्या जगात एकच कारण होतं. गेल्या वर्षी तिने त्या गोणीतली दोन मुठी पूड घरी नेली होती आणि बेसिनखाली, कॉफीच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवली होती. म्हणजे पोरगी तो डबा काढत होती. सकाळी, आई बाहेर पडल्यावर, बेसिनपुढे गुडघे टेकून, डोक्यावर चिमटीने टाकत होती. ‘मूर्ख,’ डागबाई मनात म्हणाली. पहिला शब्द तोच आला, आणि तो कुणासाठी आला हे तिला नीट समजलं नाही.

तिने चिठ्ठीवरचं नाव पुन्हा वाचलं. खोटं नाव. मैत्रिणीचं असेल किंवा नसलेल्या मैत्रिणीचं. कार्टीने हिशेब बरोबर मांडला होता: आई मागच्या खोलीतून पुढे कधी येत नाही, सहाच्या आत सुटत नाही, आणि पोरीला तिने इथे कधी पाऊल टाकू दिलेलं नसल्यामुळे वहिनीने तिला जन्मात पाहिलेलं नाही. आणि एवढ्या लाँड्र्या सोडून इथेच का? तर डागबाई रोज जेवताना सांगते म्हणून, की असा डाग काढणारं दुसरं दुकान शहरात नाही. घरात मारलेली फुशारकी अशी अंगाशी येते. वर्षभर ती पोरगी आपल्या उशीचे अभ्रे आपल्या हाताने धूत होती. डागबाईने शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं, “मुलगी हाताशी आली हो.” न्हाणीघरातून बाहेर येते ती डोक्याला टॉवेल गुंडाळून, आरशासमोर तासभर दार लावून घेते, तर डागबाई म्हणाली होती, “नखरे!” शहरातल्या सगळ्या माना वाचणाऱ्या या विदुषीने घरातली एक मान वर्षभरात वाचली नव्हती. वाचायला वर बघावं लागतं. ती ताटात बघून गळक्या पेनाच्या गोष्टी सांगत होती.

तिच्या स्वतःच्या बापाची लाँड्री होती. याहून लहान, वर राहायची जागा, खाली दुकान, मधे लाकडी जिना. बापही कॉलरी वाचायचा. कला तिला त्याच्याकडूनच आलेली, फक्त त्याच्या थट्टेला मीठ जास्त होतं. आणि त्या घरात, जिथे दिवसभर साऱ्या गावाच्या मळाचा उद्धार चाले, तिथे तिच्या चौदाव्या वर्षी तिच्या डोक्याने फितुरी केली. एका हिवाळ्यापर्यंत ते डोकं होतं, पुढच्या हिवाळ्यात तो डाग झाला. सकाळी कपडे धुवायच्या साबणाने खसाखसा धुवावं, केस मोकळे, हलके, आपल्याच डोक्याचे आहेत असं वाटावं. दहा वाजेपर्यंत ठीक. अकराला मुळाशी ओल धरे. बाराला भांग रुंद होऊन टाळू चमकू लागे. आणि शाळा सुटेपर्यंत बटा अशा काही चिकटत की तिच्या डोक्यावर कुणीतरी ब्रश घेऊन काळा रंग फासलाय असं दिसे. तिने दिवसाचे तास केसांवरून मोजायला सुरुवात केली. वर्गात बाईंनी फळ्याजवळ बोलावलं तर ती आधी घड्याळ बघे. दहाला उत्तर येत असे, दीडला येत नसे. कुणी मागून हसलं की हसणं डोक्यावरच सांडलं असं वाटे. मागच्या बाकावर बसावं तर मान सुरक्षित, पण मागच्या बाकावर बसायला उंची लागते, आणि ती बुटकी. आत्या सांगे, केसांना हात लावू नकोस, हाताचं तेल लागतं. म्हणून ती हात मांडीखाली दाबून बसे, हातांना मुंग्या येत आणि केस जसेच्या तसे. आत्या सांगे, लिंबू लाव. लिंबाने डोळे चुरचुरले आणि दिवसभर वर्गात कुणीतरी सरबत सांडल्यासारखा वास सुटला. मग केस घट्ट बांध. घट्ट बांधले तर आत्याच म्हणाली, “अगं बाई, नुकतीच डबक्यातून काढल्यासारखी दिसतेस.” सल्ले देणाऱ्यांचे केस कोरडे असतात. हा शोध तिचा स्वतःचा. आणि तिने त्या वयात जगाबद्दल जो एक कायमचा तिरस्कार पोटात धरला, त्याच्या तळाशी बहुतेक ही आत्या आणि तिची ती सुकलेल्या गवताची वेणी होती.

बाप जेवताना बोले. “आज एका मास्तरांचा कोट आला. कॉलरीवर भात शिजवावा एवढं तेल. पण आमच्या घरात त्याहून वरचा माल आहे, बरं का.” असं म्हणून तो तिच्याकडे बघत नसे, न बघण्यातच त्याची सगळी कला. तिचा अभ्रा तो वेगळा टाकायला लावी, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लागू नये म्हणून. आई नव्हती. असती तरी हसली असती, त्या घरात हसणं हाच एक सर्वमान्य साबण होता.

मग शाळेत वर्गाचा फोटो काढायचा ठरला. फोटो दुपारी दोन वाजता, म्हणजे ऐन चिकटवेळी, आणि तो भिंतीवर लागणार, म्हणजे कायमचा. दुसरी एखादी मुलगी रडली असती, नाहीतर तापाचं निमित्त करून घरी बसली असती. ही लाँड्रीवाल्याची मुलगी. तिने विचार केला, आणि विचार इतका सरळ होता की आजही तिला त्यात चूक सापडत नव्हती: केस म्हणजे शेवटी लोकर. लोकरीवर तेलाचा डाग पडला तर काय करतात? शंखजिरे भुरभुरवतात, थांबतात, झटकतात; मग वर टीपकागद ठेवून मंद इस्त्री फिरवतात, राहिलेलं तेल कागद ओढून घेतो. त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती घरी आली. बाप वर जेवून आडवा झाला होता. तिने इस्त्रीचा खटका लोकरीवर ठेवला, पूड टाकली, झटकली, डावा कान इस्त्रीच्या टेबलावर टेकून आडवी झाली, केस पसरले, कागद ठेवला आणि उजव्या हाताने, आंधळेपणाने, इस्त्री फिरवली. गरम वास आला. कागद उचलून उजेडात धरला तर त्यावर तेलाचा पारदर्शक नकाशा उमटलेला. तिने तोपर्यंतच्या आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. जमलं होतं! अख्ख्या जगात कुणाला सुचलं नाही ते तिला सुचलं होतं. आनंदाने हात हलका झाला, आणि आनंदाचा हात वाईट. इस्त्री कागदावरून घसरली आणि तिचं टोक कानाच्या वर टेकलं. आधी आवाज आला, मग वास, मग खूप वेळाने दुखलं.

वास वर गेला. बाप जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या टाकत आला. “कुणाचा कोट जाळला? कुणाचा जाळला गं?” त्याने आधी हँगर तपासले. एकेक करून सगळे, शेवटचा मखमली शालीचासुद्धा. मग वळला. ती कान धरून टेबलाला टेकून उभी होती. त्याने तिच्याकडे बघितलं, इस्त्रीकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावर असा काही निवांतपणा पसरला की तिला तो आजही नीट दिसे, रेघ न् रेघ. “हात्तिच्या! तू होय,” बाप म्हणाला. “मला वाटलं, गिऱ्हाइकाचं काही गेलं.” आणि मग पुढची कित्येक वर्षं, गिऱ्हाईक जरा रेंगाळलं की तो ही गोष्ट काढी: “आमच्या कन्येने डोक्याला इस्त्री मारून घेतली, विचारा!” गिऱ्हाईक हसे. ती तिथेच चिठ्ठ्या लावत असे. नंतर तीही हसू लागली, आणि मग एक दिवस तिने गिऱ्हाइकाच्या पाठीमागे त्याच्याच कॉलरीवर असं काही बोलून दाखवलं की बाप खुर्चीतून पडता पडता राहिला. तेव्हापासून तिच्या डोक्याबद्दल कुणी बोललं नाही. इस्त्री मात्र तिने पुन्हा हातात धरली नाही. आणि केस? अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ते केव्हातरी आपणहून कोरडे पडले. कुणी सांगायला आलं नाही. इतकी वर्षं ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते एखादं भाडेकरू कुटुंब गुपचूप जागा सोडून जावं तसं निघून गेलं, आणि तोवर तिरस्काराची तिला अशी सवय जडली होती की केसांचं तेल गेलं तरी त्याच्यामागे तिरस्कार गेला नाही.

तिने कॉलर पुन्हा बघितली. या वेळी थट्टेसाठी नाही, त्यामुळे जास्त दिसलं. पूड एकाच जागी नव्हती. तीन थर होते, म्हणजे तीन वेळा टाकलेली, घाबरून, जास्तच. आतल्या शिवणीपाशी ओल्या रुमालाने घासल्याच्या खुणा. शाळेच्या न्हाणीघरात घासलं असणार, दार लावून, बाहेर कुणी आहे का कानोसा घेत. डागबाईने द्रावण घेतलं, थेंब थेंब सोडलं, बोटाने चोळलं. ती सावकाश काम करत होती, आणि कामापेक्षा सावकाश तिच्या डोक्यात एक गोष्ट उभी राहत होती. कोट पाचला तयार होईल. काका तो झरोक्यातून सरकवतील आणि पुकारा करतील. दुसरं कुठलंही गिऱ्हाईक त्या नावाकडे लक्ष देणार नाही. पण काउंटरपुढे जी उभी असेल तिने ही रीत बोलता येऊ लागल्यापासून ऐकलेली आहे. नाव काय, ते कुणाचं, आणि ते ठेवतं कोण, तिन्ही गोष्टी तिला एका दमात कळतील. बाप निदान तोंडावर बोलत होता.

कोट यंत्रात गेला, यंत्रातून आला. चार वाजले. काकांनी इस्त्री तापवली. काकांची इस्त्री कुणी हातात घेतलेली त्यांना चालत नसे, आणि हिने घेतली नसतीच.

“काका,” ती जवळ जाऊन मोठ्याने म्हणाली, “त्या निळ्या कोटाला पुकारा नको.”

“कुणाला?”

“निळ्या कोटाला!”

“ओशटबाईला? का हो?” काकांनी मिशी वर केली. “मालक आलाय काय?”

“नाही. उगाच. लहान पोर आहे.”

“लहान पोर! सकाळी वात खोचत होता की तिच्या डोक्यात! काय, नात्यातली निघाली काय तुमच्या?”

घडीवाली हातातली चादर छातीशी धरून ऐकत उभी राहिली. डागबाईला वाटलं, आता म्हणावं. एक शब्द, हो. ट्यूबलाइट वर गुणगुणत होती. तिने त्या दोघांची तोंडं बघितली, वीस वर्षं तिने हसवलेली तोंडं, आणि त्यांना पुढचा घास कसला मिळणार ते तिला दिसलं.

“नात्यातली? शी!” ती म्हणाली. “आमच्यात नाहीत हो असली डोकी.”

दोघं हसली. तीही हसली. ओठाचा उजवा कोपरा आपोआप वर गेला, आणि ती आपल्या टेबलाशी येऊन बसली तेव्हा तिचे हात मांडीखाली होते.

पाचला पाच मिनिटं असताना ती उठली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा पुढे गेली. वहिनीला म्हणाली, “जा, चहा पिऊन या. मी बघते.” वहिनीने आधी तिच्याकडे, मग छताकडे बघितलं, भूकंप वगैरे होतोय का म्हणून, आणि गेली. पुढे उजेड फार होता. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसून वाट बघत होती, एक टक्कल आणि एक फुलांचा ब्लाउज. सवयीने तिची नजर त्यांच्या मानांकडे गेली आणि तिने ती ओढून परत आणली. मग काचेचं दार ढकलून पोरगी आली. एवढ्या उकाड्यात डोक्यावर लोकरीची टोपी, कानांच्या खालपर्यंत ओढलेली. दोन पावलं आत आली, आणि आईला बघून थांबली.

पळून जाईल, डागबाईला वाटलं. पोरगी पळाली नाही. तिने ओठ घट्ट मिटले, पुढे आली आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

“आपला कोट का?” डागबाई म्हणाली. नियमाप्रमाणे.

“हो,” पोरगी म्हणाली.

“निळा?”

“हो. डाग निघाला का?” आणि जरा थांबून, “तुमच्याकडे निघतो म्हणतात.”

“निघाला. पुन्हा पडेल. दोन-तीन वर्षं पडत राहील. मग एक दिवस पडायचा नाही, आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही.”

“मला उद्यापासून पहिल्या बाकावर बसवणार आहेत,” पोरगी काउंटरच्या लाकडाला उद्देशून म्हणाली. “सगळे मागे असणार.”

डागबाईने चिठ्ठीची घडी घातली. टकल्याने वर्तमानपत्र उलटलं.

“ती पूड लावू नका,” अखेर ती म्हणाली. “कापडाची आहे ती. टाळू फुटेल. रोज धुवा, घासू नका, सोडून द्या. आणि इस्त्री तर अजिबात नाही.”

“इस्त्री?” पोरीने पहिल्यांदा वर बघितलं. “डोक्याला कोण इस्त्री लावतं?”

“लावतात. असतात काही मूर्ख.”

पोरीच्या तोंडाचा उजवा कोपरा हलला. तेवढ्यात मागे हँगर खणकला, झरोक्यातून निळी बाही पुढे आली आणि काकांचा आवाज सगळ्या दुकानभर पसरला: “ओशटबाई तयाऽऽर! बाईसाहेबांना म्हणावं, डोकं लांब धरा कोटापासून! आमची मेहनत आहे!” आणि त्यामागून घडीवालीचं ते फुटकं हसणं.

पोरीने मान वळवली नाही. तिच्या गालांवरचा रंग खाली उतरत गेला, बादलीतलं पाणी सोडून द्यावं तसा. टोपी धरायला हात वर गेला आणि मधेच राहिला. तिने विचारलं नाही, कुणाला म्हणतायत. ती फक्त आईकडे बघत होती, अगदी शांतपणे, आणि त्या बघण्यात राग नव्हता. हँगर तपासणाऱ्या बापाकडे आपण जसं बघितलं होतं तसंच ही आपल्याकडे बघतेय, हे डागबाईला कळलं, आणि आता या नजरेपुढे काय म्हणायचं असतं ते आपल्याला या जगात कुणीही शिकवलेलं नाही, हेही कळलं.

ती झरोक्याकडे वळली. “काका!”

“काय?”

“कोट माझ्या मुलीचा आहे!” बहिऱ्याला ऐकू जायचं तर ओरडावं लागतं; ती ओरडली. टकल्याने वर्तमानपत्र खाली केलं. “माझ्या मुलीचा! डोकं तिने माझ्याकडून घेतलंय! तिच्या वयात माझं याहून वाईट होतं! आणि सकाळची ती आरशापुढची बाई, ती मीच!”

झरोक्यात काकांची मिशी दिसली आणि नाहीशी झाली.

“आई,” पोरगी दातांतल्या दातांत म्हणाली, “हळू गं. सगळे बघतायत.”

“बघू देत.”

“तुला काय जातंय! काय गरज होती ओरडायची?” तिचे डोळे भरले होते, पण आवाज चिडलेला होता, खरा, घरचा, जो आईने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. “मूर्ख आहेस तू. खरंच.”

“हो,” डागबाई म्हणाली.

पोरीने कोट ओढून घेतला आणि दार ढकलून बाहेर गेली. फुलांच्या ब्लाउजवालीने खाकरून विचारलं, “अहो, माझी साडी झाली का?” डागबाईने साडी दिली. टकल्याला शर्ट दिले. दोघांनाही अहो-जाहो केलं. मग बघितलं तर पोरगी गेलेली नव्हती. बाहेर, दुकानाच्या काचेला पाठ लावून उभी होती, कोट अंगात चढवलेला. उकाड्याने असेल किंवा आता लपवायला उरलं काय म्हणून असेल, तिने टोपी काढून खिशात कोंबली होती, आणि डोकं मागे काचेला टेकलं होतं. चपटे, ओले, चकाकणारे केस आतून स्पष्ट दिसत होते. असल्या केसांना काय म्हणायचं, त्याचे दहा शब्द डागबाईच्या जिभेवर हजर झाले. तिने एकही वापरला नाही. पण ते आले खरे, रांगेने, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

सहाला ती पर्स घेऊन निघाली तशी पोरगी काचेपासून सरळ झाली. जिथे डोकं टेकलं होतं तिथे काचेवर एक मोठा गोल उमटला होता, धुरकट, मधे बटांच्या रेघा. वहिनीचं लक्ष गेलंच. “अगं बाई! सकाळीच पुसली होती मी,” असं म्हणत तिने फडकं उचललं.

“राहू दे,” डागबाई म्हणाली.

“अहो, पण केवढा डाग...”

“राहू दे म्हटलं ना.”

वहिनी फडकं हातात धरून उभी राहिली. बाहेर पोरगी वाट बघत होती, आईकडे न बघता, पण दोघी चालू शकतील एवढी जागा फुटपाथवर आपल्या शेजारी सोडून.